चिकुनगुनियाचे हात आणि तापकीर गल्लीचे हेलपाटे: आजारपणात जुना कॉम्प्युटर उभा करताना

२०२४च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुनियाची साथ होती आणि आमच्या घरात ती माझ्या वाट्याला आली. ताप पाच दिवसांत गेला, सांधे मात्र दिवाळीपर्यंत धरलेले होते. सकाळी मूठ वळायची नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. माझं काम अनुवादाचं आणि डीटीपीचं, म्हणजे पोट बोटांवर. त्याच आठवड्यात माझा नऊ वर्षांचा कॉम्प्युटरही बसला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन काळीच.

नवा घ्यायला पैसे नव्हते. मग पुढचे दीड महिने जे केलं, त्यातलं जे जमलं आणि जे फसलं ते इथे क्रमाने लिहिते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: जुना माल रुपयांत स्वस्त पडतो आणि हेलपाट्यांत महाग. धडधाकट माणूस चार हेलपाटे घालून दोन हजार वाचवतो आणि वर त्याची गोष्ट सांगतो. आजाऱ्याकडे आठवड्याला एखादाच हेलपाटा असतो. खालचा प्रत्येक सल्ला तो एक हेलपाटा वाया जाऊ नये, याच हिशेबाने दिलेला आहे.

पहिलं काम: डॉक्टर आणि मग फोन

ताप अंगात असताना मशिनला हात लावू नका. पावसाळ्यात ताप आणि सांधेदुखी असेल तर डेंग्यू की चिकुनगुनिया हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही, आणि डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टर सांगतील तेवढीच. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर कामाची मुदत वगैरे विसरून सरळ हॉस्पिटल.

मग ज्यांचं काम अडलंय त्यांना फोन. नुसतं 'बरं नाहीये' म्हटलं की समोरचा रोज विचारत राहतो, आणि रोज उत्तर देण्यातही ताकद जाते. मी एकच मजकूर तयार करून सगळ्यांना पाठवला: 'चिकुनगुनिया झालाय, हात दुखतायत. तुमच्या ४० पानांपैकी पहिली १५ सोमवारी देते, उरलेली त्यानंतरच्या शुक्रवारी. तेवढं थांबता येत नसेल तर आजच सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणाला देता येईल.' चारपैकी तिघे थांबले. चौथ्याने काम काढून घेतलं. वाईट वाटलं, पण तो आठवडा त्यामुळेच निभावला.

नोकरीत असाल आणि पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल (महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो लागू होतो), तर आजारपणाचा भत्ता विसरू नका. पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या साधारण ७० टक्के रक्कम मिळते. मात्र ईएसआयच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. माझ्यासारख्या स्वतंत्र काम करणाऱ्यांना यातलं काही नाही.

दुखऱ्या हातांनी काम

चिकुनगुनियात सांधे सकाळी सगळ्यात जास्त आखडलेले असतात. 'लवकर उठून उरकून टाकू' हा आयुष्यभराचा शिरस्ता मी पहिल्या दोन दिवसांत सोडला. अकरा ते साडेबारा आणि चार ते साडेपाच, एवढंच टेबलावर बसायचं. पंचवीस मिनिटं झाली की उठायचं, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

मशिन बंद असताना पहिले पंधरा दिवस मी फोनवर काम केलं. लोकांना वाटतं तेवढं ते अवघड नाही. अँड्रॉइड फोनला ओटीजीची छोटी पिन लावली की कॉम्प्युटरचाच कीबोर्ड किंवा माउस चालतो. पिन शंभरेक रुपयांत मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळते. फोनची स्क्रीन टीव्हीवर घेता आली तर डोळ्यांचाही त्रास कमी होतो.

त्याहून मोठा आधार बोलून लिहिण्याचा. गूगलच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं चिन्ह दाबा आणि एकेक वाक्य संथपणे बोला. विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात, विशेषनामांचं हसं होतं, पण कच्चा खर्डा उतरतो. मी दोन परिच्छेद बोलायची, मग पडून राहायची, मग दुरुस्त्या करायची.

इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-रचनेवर टंकणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. आपल्या ख, घ, थ, ध, भ, ळ या सगळ्या अक्षरांना शिफ्ट लागतं आणि सुजलेल्या करंगळीचा जीव त्यातच जातो. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की 'स्टिकी कीज' चालू करायचं का, असं विचारलं जातं. हो म्हणा. मग शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. एकदा दाबून सोडायचं, पुढचं अक्षर शिफ्टचं उमटतं. इतकी वर्षं ती खिडकी उघडली की मी वैतागून बंद करत होते.

मशिन खरंच गेलंय का?

दुकान गाठण्याआधी हे बघाच. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, याचं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे रॅमचे, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीचे, कळकट झालेले संपर्क. वीज बंद करून प्लग काढा. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि परत नीट 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. मग मुख्य सर्किट बोर्डवरचा नाण्याएवढा सेल (सीआर २०३२) पाच मिनिटं काढून ठेवा, पुन्हा लावा. मॉनिटरची केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. बोर्डवरच्या दंडगोल कपॅसिटरची टोपी फुगलेली दिसली तर समजा, बोर्डानेच राम म्हटलाय.

माझ्या बोटांनी रॅमची क्लिपही सुटत नव्हती, म्हणून भाच्याला बोलावलं. त्याने सगळं करून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, एकतर रॅम गेलीय नाहीतर बोर्ड. दुसरी रॅम लावल्याशिवाय नाही सांगता येणार."

इथे मी माती खाल्ली. रात्री दोन वाजता, १०१ ताप असताना, फोनवर शोधत बसले. १६ जीबीची डीडीआर-३ रॅम निम्म्याहून कमी भावात दिसली आणि नऊशे रुपयांना मागवली. आली ती सर्व्हरची, म्हणजे कंपन्यांच्या मोठ्या यंत्रांची रॅम. खाचेत व्यवस्थित बसते, पण साध्या डेस्कटॉपवर चालत नाही. परत घेणार नाही, असं विक्रेत्याने तळाशी लिहिलेलं होतं; ते मी वाचलंच नव्हतं. तेव्हापासून नियम केला: ताप असताना फक्त शोधायचं आणि आवडलेलं जतन करून ठेवायचं, पैसे ताप उतरून दोन दिवस झाल्यावरच. हा माल इतका विकला जातो की दोन दिवसांत काही संपत नाही.

बोर्ड गेला असला तरी तुमच्या फायली जिवंत असतात. डिस्क काढून साटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या मशिनला जोडा. लॅपटॉपच्या आकाराची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो, तो असलेलीच केबल घ्या. हे काम खरेदीच्या आधी करा. फायली हातात आल्या की घाई निम्मी उतरते, आणि घाई उतरली की भाव नीट करता येतो.

सुटे पार्ट की अख्खा डबा

शौकीन मंडळी सांगतील की बोर्ड एका ठिकाणी, प्रोसेसर दुसऱ्या आणि रॅम तिसऱ्या ठिकाणी घेतली की सगळ्यात स्वस्त पडतं. खरं आहे. पण प्रत्येक सुटा पार्ट म्हणजे एक हेलपाटा, आणि जुळला नाही तर अजून एक. शिवाय बोर्ड चालत नाही की प्रोसेसर, याचा वाद दोन दुकानदारांमध्ये तुम्ही उभ्या उभ्या ऐकायचा. आजारी असाल तर कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला अख्खा डबा घ्या: डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोव्होचा थिंकसेंटर. ही यंत्रं भाडेकरार संपला की शेकड्याने बाहेर पडतात. त्यातले पार्ट एकमेकांशी आधीच जुळलेले असतात आणि ती दिवसभर चालण्यासाठीच बनवलेली असतात.

पिढी मात्र ओळखता आली पाहिजे. इंटेलच्या आय-५ नंतरचा चार आकडी क्रमांक बघा, पहिला आकडा म्हणजे पिढी: ४५७० चौथी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. दहाव्या पिढीपासून तो क्रमांक पाच आकडी होतो. हे महत्त्वाचं अशासाठी की विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे फार स्वस्तात दिसतात. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली वापरणार असाल तर खुशाल घ्या, लिनक्स मिंट त्यांवर छान चालतं. विंडोजवरच काम असेल तर आठवी पिढी. नावावरून पटकन ओळखायचं तर ऑप्टिप्लेक्स ३०५० सातवीपर्यंतचा, ३०६० आठवीचा. एचपीच्या ६०० आणि ८०० क्रमांकाच्या डब्यांत जी-३ सातवीपर्यंत, जी-४ आठवीचा. थिंकसेंटर एम-७१० सातवीपर्यंत, एम-७२० आठवीचा. 'आय-५ आहे, आय-७ आहे' एवढंच सांगणाऱ्या दुकानदाराला पिढी विचारा. चौथ्या पिढीच्या आय-७ पेक्षा आठव्या पिढीचा आय-५ बरा.

या डब्यांची एक खोड आहे. त्यांचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) आणि बोर्डच्या पिना बहुतेकदा कंपनीच्या स्वतःच्या असतात, बाजारातला साधा एसएमपीएस त्यांना बसत नाही. अरुंद डबा घेतला तर पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. अगदी पुस्तकाएवढा चिमुकला डबा घेतलात तर त्याला लॅपटॉपची रॅम लागते आणि बाहेरचा अडॅप्टर. तो अडॅप्टर मूळ कंपनीचाच सोबत मिळतोय ना, हे विचारा. मी मधल्या आकाराचा अरुंद डबा घेतला: आठवी पिढी, आय-५, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क), ११,५०० रुपये. उचलायलाही तो हलका, आणि तेव्हा मला तेही बघावं लागत होतं.

काय जुनं घ्यावं, काय नवं

प्रोसेसर, रॅम, मॉनिटर बिनधास्त जुने घ्या. रॅम आणि प्रोसेसर झिजत नाहीत. चालले तर वर्षानुवर्षं चालतात. मॉनिटरवर पांढरी आणि काळी स्क्रीन लावून डाग बघितले की झालं. हार्ड डिस्क जुनी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. एसएसडी जुनी चालेल, पण आकडे बघून. सुटा एसएमपीएस नवाच. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत बोर्डही नेतो. कीबोर्डही मी नवा घेतला: हलक्या दाबाचा, सातशे रुपयांचा. त्या महिन्यातली ती सगळ्यात शहाणी खरेदी.

रॅमबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथेच मी फसले. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पिढी बसतच नाही. सर्व्हरची रॅम मात्र बसते. पट्टीवरच्या लेबलवर 'पीसी४-२४००टी' असं काही छापलेलं असतं आणि त्यापुढे जोडचिन्हानंतर एक इंग्रजी अक्षर. 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'एस' लॅपटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची, ती घेऊ नका. दुसरी खूण चिपांची: साध्या रॅमच्या एका बाजूला बहुधा आठ चिपा, सर्व्हरच्या पट्टीवर बहुधा नऊ. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून आता डबा घेतानाच त्यात १६ जीबी टाकून भाव करा. नंतर सुटी घेणं महाग पडतं.

ग्राफिक्स कार्ड लेखन, हिशेब, साधं डीटीपी यांना लागत नाही. अगदी हवंच असेल तर हे लक्षात ठेवा की जुन्या कार्डाची ओळख बदलून 'जीटीएक्स १०५० टीआय' म्हणून विकणारे आहेत. जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्राम अशा बनावट कार्डापुढे स्पष्ट 'फेक' असं दाखवतो.

फोनवरच निम्मी खरेदी

कॉम्प्युटरच्या मालाचे बाजार म्हणजे पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारलंत तर बिचारा टॅक्सीवाला गोंधळेल. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. पुण्याच्या जुन्या बाजारातही पार्ट मिळतात आणि तिथे फिरायला मजाही येते, पण तिथे मशिन चालवून बघायची सोय नसते, म्हणून आजारपणात तो बाद.

दुकानांचे नंबर नकाशावर मिळतात. घरी पडल्या पडल्या पाच दुकानांना फोन करा आणि हेच प्रश्न, याच क्रमाने विचारा:

"दादा, आठव्या पिढीचा आय-५ डबा आहे का? मॉडेल नंबर काय?"
"रॅम किती, एका पट्टीत की दोन?"
"एसएसडी कुठल्या कंपनीची? तिची हेल्थ किती टक्के दाखवते?"
"बिल मिळेल ना, सीरियल नंबरसकट?"
"वॉरंटी किती? बिघडला तर बदलून देता की दुरुस्त करून?"
"मी आजारी आहे, उभं राहता येत नाही. बसून अर्धा तास चालवून बघू द्याल का?"

शेवटचा प्रश्न लाजत लाजत विचारला होता. त्यानेच दुकानं गाळली गेली. दोघांनी "ताई, माल एकदम ओके आहे, चेक कशाला करताय," असं म्हटलं; त्यांना वगळलं. एक काका म्हणाले, "या की, दुपारी तीनला या, गर्दी नसते." मी तिथेच गेले. व्हॉट्सअॅपवर डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो मागवून मॉडेल आधीच ताडून घेतलं होतं.

दुकानात अर्धा तास

स्वारगेट-मंडई मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, म्हणून गणपतीनंतरची गर्दी टाळून मंडईपर्यंत आरामात पोचले. सोबत एक पेनड्राइव्ह होता, त्यावर भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. त्यावरून मशिन सुरू होतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही आणि दुकानदाराने आधी काय लपवलंय याचा प्रश्न उरत नाही.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये जा (सुरू होताना डेलला एफ-२, एचपीला एफ-१० दाबून). पासवर्ड मागितला तर उठून या. ऑफिसचं कुलूप आहे. तिथे प्रोसेसर, रॅम आणि सीरियल नंबर दिसतात, ते लेबलशी ताडा. मग मिंट सुरू करून 'डिस्क्स' उघडा आणि स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, बघा. 'रीअॅलोकेटेड सेक्टर' आणि 'पेंडिंग सेक्टर' यांपुढे शून्य हवं. 'पॉवर ऑन अवर्स'वरून वय कळतं: वर्षभर अखंड चाललं तर ८,७६० तास, ऑफिसच्या वेळेत चाललं तर वर्षाला साधारण तीन हजार. माझ्या डब्याची एसएसडी १४ हजार तासांची होती, तिची आयुष्यभरात डेटा लिहिण्याची मर्यादा मात्र फार थोडी वापरलेली. चालली.

प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये माउस लावून बघा, पुढचे आणि मागचे सगळे. हेडफोन, नेटवर्कची पिन, मॉनिटरचे पोर्ट बघा. जुन्या डब्यांना बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो आणि घरच्या मॉनिटरला एचडीएमआय. मधला जोड दुकानातच मागून घ्या. शेवटी एखादा मोठा व्हिडिओ लावून दहा मिनिटं नुसते बसा. पंखा घरघरतो का, डबा फार तापतो का, बंद पडतो का. त्या दहा मिनिटांत काकांनी चहाही मागवला.

बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे दिवस हाताने लिहून घ्या. 'चेकिंग वॉरंटी' म्हणजे बहुधा आठवडाभर. मला महिना मिळाला, मी मागितला म्हणून. बिलाचा आणखी एक उपयोग: माल चोरीचा निघाला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली चौकशी घेणाऱ्यापर्यंत येऊ शकते, आणि तेव्हा बिल हाच तुमचा पुरावा.

घरबसल्या खरेदीत

ऑनलाइन जाहिरातींत आजारी माणूस आयतं गिऱ्हाईक असतो, कारण त्याला जायचंच नसतं. 'मी सैन्यात आहे, बदली झालीय, कुरिअर करतो, आधी पैसे टाका,' हा प्रकार जुना झालाय तरी अजून चालतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही; तुमचा जुना मॉनिटर विकत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. फसलातच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन. जितक्या लवकर, तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. सुटा पार्ट मागवलाच तर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ काढा.

घरी आणल्यावर

पहिल्या रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून झोपा. रॅमची चूक असेल तर सकाळी लाल ओळी दिसतील आणि वॉरंटी अजून हातात असेल. एसएसडी पूर्ण पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका. आधीच्या ऑफिसचं काय काय आत बसलंय कुणी सांगावं. या ब्रँडेड डब्यांत विंडोजचा परवाना अनेकदा बोर्डातच नोंदलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप चालू होते. पंखा धुळीने भरलेला असेल तर दुकानातच थर्मल पेस्ट बदलून घ्या. दुखऱ्या मनगटाने प्रोसेसरचे स्क्रू काढण्याची हौस मी बाळगली नाही.

जुन्या मशिनचा मॉनिटर आणि माउस नव्या डब्याला लागले. डिस्क फायली काढून कपाटात ठेवली. बोर्ड आणि डबा काकांनी पाचशे रुपयांना घेतला. नऊशे रुपयांची सर्व्हरची रॅम घ्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. भाच्याने तिला कडी लावून माझ्या किल्ल्यांना अडकवली आहे.